आधी लेकरांची पंगत

वऱ्हाडातील एखाद्या जुन्या लग्नघरी, पाहुण्यांची पंगत बसण्यास अद्याप तासाभराचा अवकाश असताना, मांडवाच्या एका कडेला सतरंजी अंथरून, पत्रावळीवर मऊ भात, त्यावर तिखट न घातलेले वरण आणि तुपाची धार एवढेच वाढून घरातील व शेजारपाजारची सगळी लहान मुले जेवावयास बसविण्याची जी वहिवाट होती, तिचे शहाणपण मला पुरतेपणी उमगले ते अमरावतीत नव्हे, तर सत्तरीच्या उंबरठ्यावर, इंग्लंडमधील एका उपाहारगृहात. “लेकराईले आंधी वाढा, मोठ्याईचं मंग पाहू,” ही माझ्या आजीची नेहमीची ताकीद असे. तिच्या त्या ताकिदीमागे लाडाकोडापेक्षा व्यवस्थेचा विचार अधिक होता. कारण मुलांची पोटे भरली की ती मांडवाबाहेर खेळावयास पळत, किंवा आईच्या मांडीवर झोपी जात, आणि मग मोठ्यांची पंगत निवांतपणे, आग्रहानिशी, उठण्याची घाई न करता पार पडे. परदेशी राहणाऱ्या आपल्या तरुण पालकांना, लहान मुलांना घेऊन बाहेर जेवावयास जाण्याविषयी मला जे काही सांगावयाचे आहे, ते सारे या एका वहिवाटीतून निघालेले आहे.

आमच्या मुलुखातून समुद्रापार जाणारी माणसे पूर्वीही होतीच. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठी १९०८ साली विलायतेस गेले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. पापळचे पंजाबराव देशमुख विद्यार्थिदशेत एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे जाऊन विद्यासंपन्न होऊन परतले. परंतु त्या पिढीतील बहुतेक माणसे एकएकटी गेली, आणि त्यांच्यापुढे जो अन्नाचा प्रश्न होता तो एका प्रौढ माणसाच्या पोटाचा होता. आज अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन निघालेला तरुण थोड्याच वर्षांत तेथे बिऱ्हाड करतो, त्या बिऱ्हाडात पाळणा हलतो, आणि मग बडनेऱ्याहून मुंबईची गाडी पकडून आजी-आजोबाही जाऊन पोहोचतात. ब्रिटनचा पाहुण्यांचा परवाना साधारणतः एका वेळी सहा महिन्यांच्या मुक्कामाची मुभा देतो. आम्ही उभयता त्या मुदतीचा पुरेपूर उपयोग करून दोनदा कन्येकडे राहून आलो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यातील बरेचसे पाहिलेले आणि थोडे भोगलेलेही आहे.

भोगलेले आधी सांगतो. शनिवारची रात्र, आठाचा सुमार. नात दोन वर्षांची. आम्ही आपल्या घरच्या सवयीने, सगळ्यांचे आवरून, आठ वाजता बाहेर पडलो. उपाहारगृह भरलेले होते, बालकासाठी असलेल्या उंच खुर्च्या दोनच आणि त्या दोन्ही गुंतलेल्या, आणि मागविलेले ताट येण्यास पाऊण तास लागला. आले ते लाल मिरचीच्या रसात न्हालेले होते. नातीच्या झोपेची वेळ टळून गेली होती, भुकेची वेळ तर त्याच्याही आधी टळली होती; तिने जो आकांत मांडला त्याने आसपासच्या मंडळींच्या माना वळल्या, आणि अखेर आम्ही पाळीपाळीने एकाने आत जेवावे व एकाने तिला घेऊन बाहेर थंडीत उभे राहावे असे करून ते जेवण उरकले. पुढच्या आठवड्यात कन्येने दूरध्वनी करून त्याच ठिकाणी साडेपाचची वेळ घेतली. जागा भिंतीकडेची मिळाली, खुर्ची तयार होती, दहा मिनिटांत मुलीपुरता साधा भात आणि वाफवलेले गाजर आले, आणि सात वाजण्यापूर्वी आम्ही सगळे तृप्त होऊन घरी परतलो. उपाहारगृह तेच, मूलही तेच. बदलला तो तास.

म्हणून पहिली शिफारस वेळेची. मुलाची घरची जेवणाची जी वेळ, तिच्या अर्धा तास आधी उपाहारगृहात बसलेले असावे. कारण पान मांडले जाण्यास तेवढा अवधी लागतोच. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथे संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवणे मुळीच चमत्कारिक नाही, उलट त्या वेळी गर्दी कमी, वाढणारा फुरसतीत आणि खोलीही बरीचशी शांत असते. फ्रान्समध्ये मात्र दुपारी दोननंतर अनेक भोजनगृहांच्या चुली थंडावतात आणि सातपूर्वी पेटत नाहीत. इटलीत साडेसातच्या आसपास, आणि स्पेनमध्ये तर रात्री साडेआठ-नऊला जेवणाचा प्रहर सुरू होतो. अशा देशांत लहान मुलाला घेऊन रात्रीच्या भोजनाचा हट्ट धरू नये. दुपारचे भोजन हेच बाहेरचे भोजन ठरवावे, आणि रात्री बिऱ्हाडी खिचडी टाकावी. जागा राखून ठेवताना तीन गोष्टी त्याच दूरध्वनीत सांगून टाकाव्यात: बरोबर एवढ्या वयाचे मूल आहे, उंच खुर्ची हवी, आणि बसण्याची जागा भिंतीकडेची किंवा कोपऱ्यातली हवी, मुदपाकखान्याच्या दाराशी नको, कारण तेथून ऊन ऊन भांडी घेऊन माणसे सतत ये-जा करीत असतात. उंच खुर्ची आधाराशिवाय बसू लागलेल्या, म्हणजे साधारण सहा महिन्यांच्या पुढील बालकासाठीच असते. तिचे पट्टे असूनही न बांधण्याची आपल्याकडील अनेकांची सवय अत्यंत धोक्याची आहे, आणि पट्टे तुटलेले असतील तर मुलाला मांडीवर घ्यावे पण त्या खुर्चीत बसवू नये.

ताट येईपर्यंतची वीस मिनिटे हीच खरी कसोटीची असतात. त्यासाठी मोबाइल मुलाच्या हाती देण्याचा शिरस्ता आता सर्वत्र पडला आहे, तो मला मान्य नाही. ज्या मुलाने ताटाकडे न पाहता घास गिळावयाचा सराव केला, त्याला पुढे चव, भूक आणि तृप्ती या तिन्हींची ओळख उशिरा होते असे मी माझ्याच कुटुंबात पाहिले आहे. पिशवीत एक कोरा कागद, दोन खडू, मऊसर थालीपिठाचा तुकडा किंवा केळे एवढी शिदोरी असली तरी ती वीस मिनिटे निभतात. आणि वाढणारा प्रथम आला की, मोठ्यांनी आपले पदार्थ निवडण्यापूर्वीच, मुलाचे ताट आधी आणावे अशी विनंती करावी. ही विनंती तेथे कोणी वावगी मानीत नाही. किंबहुना ती न केल्यास तेथील रिवाजाप्रमाणे सर्वांची ताटे एकदम येतात, आणि मुलाला मोठ्यांच्या पंगतीइतके थांबावे लागते.

आता पदार्थांकडे वळू. हा विषय मोठा आहे आणि येथे आपली माणसे सर्वाधिक फसतात. भारतात बांधीव खाद्यपदार्थावर शाकाहाराची हिरवी खूण कायद्याने सक्तीची आहे, आणि तिची आपल्या नजरेला इतकी सवय झालेली असते की जगभर तसेच असेल असे मन गृहीत धरून चालते. तसे नाही. परदेशी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडे धरलेले असतेच. काही ठिकाणी मासळीही चालते असा बोलणाऱ्याचा समज असतो. भाज्यांच्या सारात कोंबडीच्या हाडांचे पाणी, मेक्सिकन पद्धतीच्या राजम्यात डुकराची चरबी, थाई भाजीत माशाचा रस, जपानी सारात सुकविलेल्या माशाचा अर्क, मुलांच्या थरथरत्या गोड वड्यांत जिलेटिन, आणि इटलीच्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण, हे सर्व त्या त्या पाकपरंपरेतील सरळ व्यवहार आहेत. त्यात कोणाचा कपटभाव नाही, परंतु विचारल्यावाचून कोणी सांगणारही नाही. मॅकडोनल्ड्स कंपनीने अमेरिकेत १९९० साली बटाट्याचे काप तळण्यासाठी वनस्पतिजन्य तेल वापरण्याचे जाहीर केले. त्या कापांना गोमांसजन्य स्वाद दिला जातो हे पुढे उघड झाले, आणि शाकाहारी व हिंदू ग्राहकांनी लावलेल्या दाव्यात कंपनीने २००२ साली १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. एवढ्या मोठ्या ग्राहकवर्गाची जर अशी गैरसमजूत होऊ शकते, तर आपण ‘बटाट्यात काय असणार’ असे म्हणून स्वस्थ बसणे बरे नव्हे. प्रश्न असा विचारावा: यात मांस, मासळी, अंडे, हाडांचे पाणी किंवा प्राण्यांची चरबी आहे काय? नुसते ‘शाकाहारी आहे ना’ असे विचारू नये.

याच ठिकाणी एका विवेकाची आवश्यकता आहे. ‘आवडत नाही’, ‘आमच्यात चालत नाही’ आणि ‘याला बाधते’ ही तीन निरनिराळी विधाने आहेत, आणि ती निरनिराळ्याच शब्दांत केली पाहिजेत. काही मंडळी, मुदपाकखान्याने अधिक काळजी घ्यावी या हेतूने, मुलाला अंड्याची बाधा होते असे खोटेच सांगतात. हा प्रकार मला गैर वाटतो. कारण ‘बाधा’ हा शब्द ऐकला की तेथील आचारी भांडी, पाटे, तवे वेगळे काढतो, आणि असा शब्द वायफळ वापरला जाऊ लागला तर ज्याच्या मुलाचा श्वास शेंगदाण्याच्या एका कणाने कोंडतो त्या आईच्या बोलण्याची किंमत कमी होते. उलट ज्याच्या मुलाला खरोखरच बाधा आहे त्याने संकोच सोडून, बसण्यापूर्वीच, लेखी चिठ्ठी दाखवावी, आणि डॉक्टरांनी दिलेली सुई व औषध जवळ असल्यावाचून घराबाहेर पाऊल टाकू नये. युरोपीय संघाच्या १३ डिसेंबर २०१४ पासून अमलात आलेल्या नियमानुसार १४ बाधक द्रव्यांची माहिती उपाहारगृहांनाही द्यावी लागते, आणि ब्रिटनमध्येही ती तरतूद कायम आहे. त्या चौदांच्या यादीत शेंगदाणा, तीळ आणि मोहरी ही तिन्ही आहेत, म्हणजे आपल्या चटण्यांचा आणि फोडणीचा निम्मा संसार. अमेरिकेत बांधीव पदार्थांवर ९ द्रव्ये नोंदवावी लागतात, त्यात तिळाचा समावेश २०२३ च्या १ जानेवारीपासून झाला. परंतु तेथे उपाहारगृहांवर संघराज्याचा तसा सरसकट दंडक नाही, म्हणून तेथे विचारण्याची जबाबदारी पालकाच्या शिरावर अधिक येते. घरात आजी कौतुकाने देते ती चटणी आणि परक्या भोजनगृहातील अनोळखी सॉस, दोहोंच्या बाबतीत ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य वर्ज्य समजावे.

मुलांसाठी म्हणून जे वेगळे पदार्थपत्रक दिले जाते त्याच्यावर विसंबून राहू नये. त्यात बहुतेक ठिकाणी तळलेले बटाटे, तळलेले मांसाचे तुकडे, चीज घातलेला शेवयांसारखा पास्ता आणि रंगीत पेय एवढाच ऐवज असतो. तो मुलाला आवडतो हे खरे, पण त्यात मीठ फार असते. ब्रिटनच्या आरोग्यखात्याचा दाखला असा की वर्षाच्या आतील बाळाला दिवसभरात १ ग्रॅमहून कमी आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाला २ ग्रॅमपर्यंतच मीठ पोटात जावे. बाहेरच्या एका जेवणात ती मर्यादा सहज ओलांडली जाते. मोठ्यांच्या पदार्थांतील अर्धा हिस्सा, मीठ कमी घालून, वेगळ्या ताटलीत देता येईल का, असे विचारल्यास बहुतेक ठिकाणी नकार मिळत नाही. मुलांच्या पत्रकाबाबत एक सुंदर अपवाद जपानचा. टोकियोच्या मित्सुकोशी या भांडाराच्या भोजनगृहात १९३० साली मुलांसाठी खास ताट निघाले, भाताच्या छोट्या मुदीवर चिमुकला कागदी ध्वज रोवलेले. ‘ओकोसामा रांची’ या नावाची ती थाळी आजही तेथील मुलांच्या बालपणाचा भाग आहे. मूल हे स्वतःच्या मानाने आलेले पाहुणे आहे ही जाणीव तिच्यात आहे, आणि आपल्या मुदीच्या भाताशी तिचे नाते जुळते म्हणून मला ती फार आवडली.

काही पदार्थांबाबत तडजोड नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, न्याहारीच्या ताटातील एक बोटही नाही. आपल्याकडील चाटवण्याची रूढी कितीही जुनी असली तरी मधातील जंतूंमुळे त्या वयात पक्षाघातासारखा गंभीर आजार होऊ शकतो हे आता निश्चित झालेले आहे. अखंड द्राक्ष, लहान टोमॅटो आणि गोल चकत्या केलेले सॉसेज मुलाच्या श्वासनलिकेत चपखल बसतात. ते उभे चिरून चार भाग करून द्यावेत. पाच वर्षांखालील मुलाला अखंड शेंगदाणे, बदाम किंवा काजू देऊ नयेत. बाळाचे दूध किंवा घरून आणलेला मऊ भात कोमट करावयाचा असेल तर मायक्रोवेव्हच्या भट्टीत ठेवण्याऐवजी वाडग्यात ऊन पाणी मागून त्यात भांडे बुडवावे, कारण त्या विजेच्या भट्टीत अन्न कोठे थंड, कोठे पोळणारे असे विषम तापते. तान्ह्यासाठी घरचे अन्न आणण्यास बहुतेक भोजनगृहांची हरकत नसते. तरीही विचारून घेणे हे सौजन्य आहे. अंगावर पाजण्याविषयी संकोच बाळगण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समता कायद्याने आणि अमेरिकेत सर्व राज्यांच्या कायद्यांनी मातेला ती मोकळीक दिलेली आहे, आपल्या एस. टी. स्थानकावरील हिरकणी कक्षासारखा आडोसा तेथे मिळेलच असे नाही, पण कोणी उठून जावयास सांगू शकत नाही.

आजी-आजोबांना, म्हणजे मला आणि माझ्यासारख्यांना, एक गोष्ट शिकावी लागली. चिऊ-काऊचे घास करून, वाटी घेऊन मुलाच्या मागे मागे फिरत भरविण्याची आपली रीत अंगणात शोभते. मेजामेजांमधून ती चालत नाही. धावणारे मूल आणि उकळता चहा घेऊन येणारा माणूस यांची गाठ पडली तर काय होईल याची कल्पना करावी. मुलाने बसूनच जेवावे, आणि पाच घासांवर तोंड फिरविले तर तेथे जबरदस्ती करू नये. नवा पदार्थ प्रथमच मुलाने नाकारला म्हणून तो त्याला आवडतच नाही असा निवाडाही करू नये, कारण आठ-दहा वेळा समोर आल्यानंतर तोच पदार्थ मुले आपणहून चाखतात, आणि त्यासाठी उपाहारगृहापेक्षा घरचे ताट अधिक योग्य. हाताने खाण्याबद्दल मात्र लाज बाळगू नये. दोन-तीन वर्षांच्या मुलाने हातानेच खावे. काटा-चमच्याची ओळख सावकाश होते. फार कंटाळले तर एका मोठ्याने उठून त्याला दारापर्यंत फिरवून आणावे. मेजाखाली जे सांडले ते ओल्या कागदाने आपणच गोळा करावे. आमची कन्या हे नेहमी करी, आणि त्या भोजनगृहातील मंडळी पुढच्या वेळी नातीला नावाने हाक मारू लागली.

पैशांचा व्यवहार थोडक्यात. अमेरिकेत बिलाच्या १५ ते २० टक्के बक्षिसी देण्याचा दस्तूर इतका पक्का आहे की ती न देणे अपमान समजला जातो. जर्मनीत रक्कम वर नेऊन पाच-दहा टक्के देतात. ब्रिटनमध्ये सेवाशुल्क अनेकदा बिलातच धरलेले असते, म्हणून ते वाचून पाहावे. जपानमध्ये बक्षिसी देऊच नये. जर्मनीत पाणी मागितले तर विकतची बाटली येते. अमेरिकेत नळाचे पाणी फुकट मिळते, पण बर्फाने भरलेले. मुलासाठी बिनबर्फाचे मागावे.

आणि आता उलट दिशेचा प्रवास. ही मुले वऱ्हाडात येतात तेव्हा त्यांच्यासाठी अमरावती आणि अकोला हाच परदेश असतो, हे आपण घरची माणसे विसरतो. मूल इंग्लंडहून आले असेल तर हिवाळ्यात त्याचे घड्याळ आपल्याहून साडेपाच तास मागे चालत असते, अमेरिकेहून आले असेल तर दिवस-रात्रच उलटी झालेली असते; अशा मुलाला आल्याच्या दुसऱ्या दिवशी मामाच्या आग्रहाखातर रात्री नऊला जेवणास नेणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. पहिले तीन दिवस बाहेरचे जेवण पूर्ण वर्ज्य करावे. निघण्यापूर्वी साधारण सहा आठवडे तेथील डॉक्टरांना भेटून विषमज्वराची आणि अ प्रकारच्या काविळीची लस टोचून घ्यावी. आईबाप येथेच वाढले म्हणून मुलाला आपोआप प्रतिकारशक्ती आलेली नसते. येण्याचा हंगाम निवडता येत असेल तर डिसेंबर-जानेवारी निवडावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि परदेशी शाळांच्या सुट्टीचे जुलै-ऑगस्ट म्हणजे येथे माश्यांचे आणि गढूळ पाण्याचे दिवस.

पाण्याविषयी आमच्या भागात एक जादा दक्षता हवी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील भूगर्भातील पाणी खारट आहे. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचे आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, परंतु दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूच्या रस्त्यांवरील ढाब्यांवर विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणीही असू शकते. त्यात बाळाची दूधभुकटी कालवू नये. मीठ पोटात गेल्याने तहान वाढते आणि मुलाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. थंड पाण्याचे जे कॅन घरोघर व हॉटेलांत येतात ते मोहोरबंद नसतात. लहान मुलासाठी उकळून गार केलेले पाणी घरून न्यावे, किंवा आपल्यासमोर फोडलेली बाटली घ्यावी. रसवंतीचा रस घेतला तरी बर्फ घालू देऊ नये.

अन्नाचा साधा ठोकताळा असा, की जे वाफाळत, तुमच्यासमोर कढईतून किंवा तव्यावरून निघाले ते बहुधा बाधत नाही, आणि जे गार, ओले, कच्चे व उघडे ठेवलेले ते बाधते. शेगावची कचोरी गरमागरम निघाली की तिचे कवच चार वर्षांच्या मुलाने खावयास हरकत नाही, आतले तिखट सारण मोठ्यांनी घ्यावे. तिच्यासोबतची पातळ चटणी मात्र मुलाला देऊ नये. अमरावतीचा गिला वडा ही आम्हा अमरावतीकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे, तरी चटणीने माखलेला तो वडा परदेशातून आलेल्या मुलासाठी पहिल्या फेरीत नव्हे. सावजी रस्सा आणि तर्री यांच्या वाटेस तर मुलांनी जाऊच नये. हॉटेलात त्यांच्यासाठी बिनफोडणीचे वरण, भात, तूप, लिंबू आणि तव्यावरची पोळी मागावी. पत्रकात नसले तरी मुदपाकखान्यात वरण शिजलेले असतेच, फोडणी देण्यापूर्वी एक वाटी काढून ठेवा एवढेच सांगावे लागते. सर्वांत उत्तम बाहेरचे जेवण मात्र हॉटेलातले नाही. पौषात शेतावर पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचे भरीत, गोवऱ्यांत भाजलेले रोडगे आणि ज्वारीचा हुरडा असा बेत घालावा. भरीत मुलासाठी मिरची घालण्यापूर्वी वेगळे काढावे, हुरडा अगदी लहानग्याला चेचून द्यावा, आणि त्याला मातीत मनसोक्त खेळू द्यावे. माझी नात ज्या जेवणाची आठवण आजही काढते ते लंडनचे नाही, अंजनगावच्या बाजूच्या एका शेतातले आहे.

पोट बिघडलेच तर औषधी दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनविलेले क्षारसंजीवनीचे पाकीट आणावे. एका लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच, अर्ध्या पेल्यात नव्हे, विरघळवावे, आणि चमच्याचमच्याने पाजीत राहावे. खोक्यातील गोड, रंगीत पेये म्हणजे क्षारसंजीवनी नव्हे. मूल लघवी करीनासे झाले, डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडले किंवा ते सुस्तावले, तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा.

अखेरीस अमरावती व अकोला येथील उपाहारगृहांच्या चालकांना माझे कळकळीचे निवेदन आहे. दर डिसेंबरात आपल्या शहरांत परगावची आणि परदेशची शेकडो लेकरे येतात, आणि गावची तर बारमास असतातच. पट्टे शाबूत असलेल्या दोन उंच खुर्च्या, बाळाला पाजण्यासाठी पडद्याआडचा एक कोपरा, आणि पदार्थपत्रकात बिनतिखट वरणभाताची एक ओळ, एवढी तजवीज करावी. आणि मूल असलेले कुटुंब येऊन बसले की, बाकीच्यांचे ऐकून घेण्याआधी, वाढप्याने ती वाटी त्या लेकरापुढे आणून ठेवावी.